उस्तादांच्या भट्टीची काच

भट्टीच्या दाराला काच लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वणीतल्या एका बेकरीचे करीम उस्ताद. बेकरीच्या भट्टीचं दार नुसतं लोखंडी असतं, हे मला पुढे दुसऱ्या गावांतल्या बेकऱ्या बघितल्यावर कळलं. मी पहिली भट्टी बघितली ती उस्तादांची, त्यामुळे घराला खिडकी तशी भट्टीला काच असणार, असंच मी धरून चालले होते. दाराच्या मधोमध तळहाताएवढी चौकोनी काच, आणि तिच्यासमोर कमरेत वाकलेला एक उंच, हडकुळा माणूस. गळ्यात भर मे महिन्यातही लोकरीचा मफलर. डावा डोळा काचेपाशी, उजवा मिटलेला. उजवा नुसता जागेवर होता, त्यातून दिसत नव्हतं.

मी सांगलीकडची. सातवीत शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि नवऱ्याला वणीला कोळशाच्या ट्रकवर काम मिळालं म्हणून आम्ही दोघं एवढ्या लांब आलो. तो एकदा गेला की चार-चार दिवस चंद्रपूरच्या पुढे. मी एका खोलीत. भाषा मराठीच, पण पहिले पंधरा दिवस मला ती निम्मीच कळायची. शेजारणीने "काहून वं, कायले रडून राह्यली?" असं विचारलं, तर ती रागावली असं समजून मी आणखी रडले. स्वभावच तसा आहे माझा. दार वाजलं तरी आधी माझं काय चुकलं ते आठवायला लागते. त्याच शेजारणीने मला बेकरीत टोस्ट भरायच्या कामाला लावून दिलं.

पहिल्या दिवशी उस्तादांनी विचारलं, "कुठची तू?"

"सांगलीची."

"थे कुठी आलं?"

"लांब. कोल्हापूरच्या जवळ."

"कोल्हापूर म्हंजे चप्पल."

"हो."

"मंग चप्पल काहून नाई आणली?"

मी खरंच घाबरून "विसरले" म्हणाले. पीठ मळणारे दोघं हसून हसून ओट्याला टेकले. उस्ताद हसले नाहीत. त्या दिवसापासून माझं नाव सांगली पडलं. माझं खरं नाव उस्तादांना माहीत होतं की नव्हतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"किती शिकली?" हा पुढचा प्रश्न. त्याची मला नेहमीच धास्ती. मी खाली बघून "सातवी" म्हणाले. उस्ताद मळणाऱ्यांकडे वळून ओरडले, "ऐकलं काय बे? सातवी शिकलेली बाई आली आपल्या इथं. नीट बोलत जा!" मला वाटलं टोमणा मारला. रात्रभर ते बोलणं डोक्यात राहिलं. आठवड्याभराने कळलं की उस्ताद स्वतः उर्दू शाळेत दुसरीपर्यंत गेलेले. मराठी अक्षरं नुसती ओळखत, पण सलग वाचायचा धीर होत नसे. मैद्याच्या पोत्यावरचं वाचणं, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लिहिणं, सगळं त्यांनी माझ्याकडे दिलं आणि कुणी विचारलं तर "सांगलीले विचारा" म्हणून मोकळे. शाळा सुटल्यापासून मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

वणीत कोळशाला तोटा नाही, पण उस्तादांनी भट्टीत कोळशाचा खडा कधी घातला नाही. "पावाले वास लागते," एवढंच कारण. पहाटे भट्टीच्या पोटात लाकूड पेटवायचं, निखारा झाला की तो लांब दांड्याने कडेला ओढायचा, मग माल घालून दार बंद. पेटवायला पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभं राहतं ते वाळलेलं झाड. कापसाची ती वाईट वर्षं होती. पऱ्हाटीच्या गाड्या दिवाळीच्या आधीच यायला लागल्या की उस्ताद गाडीवाल्याला काही विचारत नसत. त्या महिन्यात पऱ्हाटी आली म्हणजे उभं पीकच उपटलं, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. ते स्वतः दोन पेंढ्या उतरवून घ्यायचे आणि त्याला चहा पाजायचे.

चहा हे त्यांचं घड्याळही होतं. मनगटाला घड्याळ नव्हतं, भिंतीवरचं बंद. टोस्टाला दोन चहा, पावाला एक, नानखटाईला अर्धा. म्हणजे सावकाश फुंकून प्यायला तेवढा वेळ. चहा नसला तरी ते हवेत कप धरून मोजायचे की काय, कोण जाणे, पण चूक होत नसे. जळलं हा शब्द बोलायचे नाहीत. "जास्त झालं" म्हणायचे. काळा ठिक्कर पडलेला पाव समोर आला तरी "थोडा जास्त झाला." आणि स्वतः बेकरीचं काही खायचे नाहीत. घरून ज्वारीची भाकर आणि ठेचा आणायचे. भट्टीत सारतात त्या पत्र्याच्या पाट्या, त्यांतल्या पहिल्या पाटीतला एक पाव फोडून, नाकाशी धरून हुंगायचे आणि ठेवून द्यायचे. मी एकदा म्हटलं, "खाऊन तरी बघा." तर म्हणाले, "खाल्लं तं समजते का चांगला झाला काय. पण तवा उशीर झालेला राह्यते."

आता काचेचं.

चाळीस वर्षं दार उघडून आगीत बघायचं, हे त्यांचं काम. रंग बघितल्याशिवाय माल काढता येत नाही आणि दार उघडल्याशिवाय रंग दिसत नाही. त्याने उजवा डोळा गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याचं आता काही होत नाही. डाव्यात मोतीबिंदू धरतोय, तो पिकू द्या, मग काढू. पण तोवर उघड्या आगीत बघायचं नाही, नाहीतर काढून उपयोग होणार नाही. उस्तादांची लेक शमीम, शिवणकाम करायची, तिने बेकरीत येऊन मालकांना शपथच घातली. मालक नूरसेठ. त्यांना उस्तादांनी लहानपणी खांद्यावर खेळवलेलं. गिऱ्हाइकांसमोर उस्ताद त्यांना सेठ म्हणत आणि एरवी नूर. नूरसेठांनी सांगून टाकलं, "चाचा, भट्टीपासून दूर व्हा. गल्ल्यावर बसा." उस्ताद म्हणाले, "गल्ल्यावर बसाले मी काय म्हातारा झालो?" तेव्हा ते साठीच्या पुढे होते. दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी लोहाराकडून दारात चौकोन कापून घेतला. म्हणाले, आता दार न उघडता बघतो. नूरसेठांनी मान्य केलं, पण अटीवर: ज्या दिवशी काच नाही, त्या दिवशी उस्ताद भट्टीवर नाही.

हे माझ्या आधीचं. पुढची गंमत मळणारे सांगायचे. पहिली काच खिडकीची लावली, ती पहिल्याच दिवशी पाव फुगायच्या आत गेली. दुसरी ट्रकच्या गॅरेजमधून आणली, हेडलाइटची. ती टिकली, पण तिला आडव्या-उभ्या रेघा. एका पाटीच्या पाच पाट्या दिसायच्या. नूरसेठांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "चाचा, आपला माल वाढला." ती काच गेली ती स्क्रू फार आवळल्यामुळे. लोखंड तापलं की फुगतं, काचेला चहूबाजूंनी सरकायला जागा पाहिजे, हे उस्ताद तिच्यावर शिकले. तिसरी काच मी बघितली ती. गावाबाहेरचं एक जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं होतं. कापूसच तेवढा येत नव्हता. तिथलं सामान भंगारात निघालं, त्यात बॉयलरच्या दाराची जाड काच होती. भंगारवाल्याला तिचं काय करायचं ते कळेना. उस्तादांनी ती कापडात गुंडाळून, पोटाशी धरून, चालत आणली. सायकलवर ठेवली नाही.

तिच्या कडेने त्यांनी सायलेन्सरला लावतात ती पांढरी दोरी बसवली, वर लोखंडी पट्टी, आणि स्क्रू दोन बोटांनी फिरतील तेवढेच. मला पहिल्याच आठवड्यात नियम सांगितले. दार आपटायचं नाही. लांब लाकूड आत कोंबून दाराने ढकलायचं नाही. आणि काजळी धरली तर सकाळी, भट्टी थंड असताना, ओला कागद राखेत बुडवून त्याने पुसायची. "गरम काचेले पाणी लावशील तं थे तुले विचारनार नाई, फुटून जाईन." मी मान डोलावली.

दिवाळीत वणीतल्या घराघरांतून नानखटाईचं सामान बेकरीत यायचं. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप, प्रत्येक घराचं आपापलं, डब्यात. इथं मळून, पाट्यांत लावून, भाजून द्यायचं. चिठ्ठ्या लावल्या तर भट्टीत जळायच्या, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी किल्लीचा ठसा, कुणी बाटलीच्या बुचाचा, कुणी लवंग रोवलेली, कुणी काडेपेटीच्या काडीने फुली. उस्तादांना साठ-सत्तर घरांच्या खुणा पाठ होत्या. काचेतून बघून सांगायचे, "बुचवाल्यांची झाली, काढ. किल्लीवाल्यांना अजून थांब." त्या वर्षांत खुणा त्याच राहिल्या आणि डबे लहान झाले. पाच किलोवाल्याचं दोन किलो, तुपाच्या जागी डालडा. उस्ताद लहान माल मोठ्या मालाशेजारी लावू द्यायचे नाहीत. तो वेगळ्या पाटीत, सुटा सुटा मांडायचा, पाटी भरलेली दिसली पाहिजे. सकाळच्या गर्दीत देऊ नका, दुपारी बोलवा, असंही सांगायचे. मला त्याचं कारण लगेच कळलं नाही.

माझ्या दुसऱ्या दिवाळीची गोष्ट. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची दुपार. उस्ताद नमाजाला गेले होते. आमच्याकडे दिवाळीच्या आधी घरातली एक वस्तू पुसल्याशिवाय राहत नाही, डब्याची झाकणंसुद्धा. खोलीत पुसायला काही उरलं नव्हतं. भट्टीची काच मला दिसली, खालचा कोपरा काजळीने काळा झालेला. उस्ताद येतील आणि लखलखीत काच बघतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. सोडा घातलेल्या पाण्यात फडकं पिळलं आणि काचेवर फिरवलं.

'टक्' असा लहानसा आवाज झाला. मग आणखी एक. काच तिरकी दुभंगली आणि खालचा तुकडा आत, दाराजवळच्या पाटीवर पडला.

ती पाटी सोनाबाईची होती. सोनाबाई जवळच्या तांड्यावरची, दर दिवाळीला डोक्यावर डबा घेऊन चालत यायची. तिची खूण म्हणजे हातातल्या पांढऱ्या बांगडीच्या काठाचा अर्धगोल. त्या वर्षी तिने किलोभरच माल आणला होता.

उस्ताद आले तेव्हा मी फडकं हातात धरून तिथेच उभी. त्यांनी फडक्याकडे बघितलं. दार उघडायला हात पुढे केला आणि थांबले, कारण दारात नूरसेठ आले होते.

"कोनं फोडली?" नूरसेठांनी विचारलं.

"माह्या हातानं फुटली," उस्ताद म्हणाले.

नूरसेठांनी माझ्या ओल्या फडक्याकडे बघितलं, मग उस्तादांकडे. "चाचा, मी शमीमले शब्द देल्ला हाय. चंद्रपूरच्या कारागिराले फोन करतो. परवा सकाळी येईन थो. तुम्ही आता भट्टीसमोर नाई."

"अन् आत्ता जो माल अंदर हाय थ्याचं?"

"थो जाऊ द्या."

"चाळीस घरांचा माल पडला हाय नूर. जाऊ द्या म्हंतं?" उस्ताद भट्टीकडे पाठ करून पोत्यावर बसले. "मी पाहत नाई. ही पाह्यते. मी सांगतो. आगीकडं पाहून राह्यलो काय मी? नाई ना?"

नूरसेठ गेले नाहीत. हाताची घडी घालून उभे राहिले, उस्ताद मागे वळून बघतात का ते बघायला.

मी दार उघडलं. तोपर्यंत रोज दोन हातांच्या अंतरावर काम करूनही मी भट्टीच्या तोंडात कधी बघितलं नव्हतं. भुवया चुरचुरल्या. डोळे आपोआप मिटले, ते मी जोर करून उघडले.

"सांग, कसं दिसते?"

"पांढरं."

"पांढरा तं मैदाबी राह्यते. कसं पांढरं?"

"ताकासारखं."

"मंग लाव दार." त्यांनी अर्ध्या चहाच्या निम्मा वेळ जाऊ दिला. "आता?"

"आता पिवळं. म्हणजे पुरणासारखं... नाही, बेसनाच्या लाडवासारखं..."

"बाई, जेवन नको वाढू. काठ पाह्य. काठात अन् मधात फरक पडला काय?"

"पडला. काठ गुळासारखा."

"कोनता गूळ? तुह्या इकडचा का माह्या इकडचा?"

"आमच्याकडचा! पिवळा!"

"मंग थांब. आमच्या इकडचा काया राह्यते. दोन्हीच्या मधात आला का बोल." काळ्याला ते काया म्हणत आणि काळीला काई.

मळणारे हसायला लागले. नूरसेठसुद्धा हसले, पण गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत आम्ही असंच केलं. मी दार उघडायची, बघायची, बोलायची. उस्ताद पोत्यावर बसून पाठमोरे. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. एकच पाटी जास्त झाली, ती माझ्या चुकीने. बदामी रंग म्हटलं तेव्हा मला भाजलेला बदाम म्हणायचा होता. तोंड भाजल्यासारखं लाल झालं होतं, आणि मी चारच तास बघितलं होतं.

सोनाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिच्या पाटीतला माल उस्तादांनी सगळाच टाकून दिला होता, काचेची एक कणी कुठे गेली असेल याचा भरवसा नाही म्हणून. त्यांनी तिला सरळ सांगितलं, "तुहा माल काच पडून खराब झाला. दुसरा करून देतो. बस."

सोनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढ्या गावाचं तूप पडलं होतं उस्ताद, अन् माह्याच मुठभर तुपावर बरी पडली तुमची काच!"

"हाव. मोठ्या डब्यावर पडाची होती. नेम चुकला."

"अन् हे तूप कोनाचं?"

"माह्या घरचं. शमीमनं ठेवलं होतं."

सोनाबाईने डब्यात बोट घालून हुंगलं. "माह्याहून चांगलं हाय," ती म्हणाली आणि खाली बसली. खूण मात्र तिने कुणाला करू दिली नाही. बांगडी हातातून काढून स्वतः एकेक नानखटाई दाबली, सगळी. मी तिच्याजवळ बसून गोळे करत होते. काच मी फोडली हे तिला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मालूम हाय. पाणी लागून फुटली म्हंतात. उस्तादाचा हात तेवढा ओला नाई राहत."

त्याच दिवशी सकाळी उस्ताद आणि मी काच शोधायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी कारागीर येणार होता. मला त्यांनी का बरोबर घेतलं, ते सांगितलं नाही. मी मागे मागे चालत होते. काचवाल्याने खिडकीची काच दाखवली. उस्ताद म्हणाले, "ही मी वापरून पाह्यली." गॅरेजमध्ये हेडलाइट होता, तो नको. भंगारवाल्याकडे आता जिनिंगचे पंखे होते, पट्टे होते, काच नव्हती. शेवटी ते एका इस्त्रीदुरुस्तीवाल्याच्या टपरीपुढे थांबले. तो जुन्या इस्त्रीचं पोट उघडून बसला होता. आत तारा गुंडाळलेला एक पातळ, पारदर्शक पत्रा.

"थे काय होये?" उस्तादांनी विचारलं.

"अभ्रक. का बरं?"

"जळत नाई?"

"इस्त्रीच्या पोटात राह्यते बापा थे. जळलं असतं तं कपडे कसे झाले असते?"

उस्तादांनी तो पत्रा उन्हाकडे धरला. तपकिरी झाक होती, चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसायचं. बोटांनी वाकवला तर वाकला. काच वाकत नाही, म्हणून फुटते; हा वाकतो, हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. आणि मग खूश झाले की करायचे तसं मफलरचं टोक तोंडाशी धरलं. इस्त्रीवाल्याकडे तळहातापेक्षा थोडे मोठे चार पत्रे निघाले. चारही एकावर एक ठेवून, कडेला दोरी, वर पट्टी, स्क्रू दोन बोटांनी. मी स्क्रू फिरवले. "अजून?" विचारलं तर म्हणाले, "नाई. फुगाले जागा ठेव." संध्याकाळी नूरसेठांनी स्वतः वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "दिसते," म्हणाले.

चंद्रपूरचा कारागीर सकाळी आला. नानखटाई खाल्ली, दाराची खिडकी बघितली, हे कुणाचं डोकं म्हणून विचारलं आणि दुपारच्या गाडीने परत गेला.

अभ्रकाला राख चालत नाही, चरे पडतात. ते कोरड्या कापसाने हलक्या हाताने पुसायचं. ते काम उस्तादांनी मलाच दिलं. मला वाटलं होतं, आता मला दाराजवळ येऊ देणार नाहीत. रोज सकाळी भट्टी थंड असताना मी कापसाचा बोळा घेऊन उभी राहायची, आणि अभ्रकाला लावायच्या आधी दार थंड आहे ना ते दोनदा हात लावून बघायची. ते बघून उस्ताद एकदा म्हणाले, "काच फोडली तिलेच काच पुसाची समजते. ज्यानं नाई फोडली थो आपटते दार." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले नसावेत. खरंच तसं मानायचे. पाव बिघडवलेल्या माणसालाच ते पुढच्या खेपेला पाव द्यायचे.

असं वर्षभर चाललं. पुढच्या पोळ्याच्या सुमारास एका सकाळी ते म्हणाले, "काच काई झाली वं. पूस."

मी पुसली. बोळा पांढराच राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "कोपऱ्यात पाह्य, धूर धरला." मी कोपरे पुसले. मी आतून बघितलं, बाहेरून बघितलं. अभ्रक आदल्या दिवाळीला होतं तसंच होतं. आठवड्याने त्यांनी वरचा पत्रा बदलून आणला. इस्त्रीवाल्याशी भांडण केलं, डागी माल देतो म्हणून. तो इस्त्रीवाला माझ्याकडे बघत राहिला आणि मी दुसरीकडे बघत राहिले.

मला समजलं होतं. मला समजलं आणि मी गप्प बसले. बोलले तर नूरसेठांना कळणार, नूरसेठांना कळलं तर भट्टी जाणार. मी फोडलेली काच त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती; आता मीच जाऊन हे सांगायचं? मग मी काय केलं, तर काम करता करता बडबडायला लागले. "आज पावाने काठ लवकर धरला हो," "टोस्ट अजून ताकच आहे," असं, कुणाशी बोलत नाही अशा आवाजात. उस्ताद "हं" म्हणायचे आणि त्या वेळी माल काढायचे. मळणाऱ्यांना वाटायचं, सांगली वणीत राहून बोलायला शिकली. दोन महिने गेले. माल बिघडत नव्हता. मला रात्री झोप लागत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते मोतीबिंदू पिकला की काढायचा, आणि पिकला तो कळणार कसा, जर मी तो झाकून ठेवला तर?

एका दुपारी त्यांनी दाराचा दांडा धरायला हात पुढे केला आणि हात दांड्याच्या वीतभर अलीकडे तापलेल्या पट्टीवर पडला. कातडी चिकटल्याचा आवाज आला. त्यांनी हात पाण्याच्या बादलीत घातला, दुसऱ्या हाताने मफलर सारखा केला, आणि म्हणाले, "सांगली, काच पूस."

मी म्हणाले, "काच साफ आहे, उस्ताद."

त्यांनी हात बादलीतून बाहेर काढला.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"पोळ्यापासून," ते म्हणाले. "माह्या आधी मालूम झालं मंग तुले. मले तं दसऱ्याले समजलं."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नको. अंदर टोस्ट आहेत. कसे दिसतात सांग." मी बघितलं, सांगितलं, त्यांनी बसल्या जागेवरून काढायला लावले. ते निघाले, सुटे केले, डब्यात गेले. मग उस्ताद उठले, भिंतीला हात लावत बाहेर गेले आणि नूरसेठांना स्वतः सांगितलं. मी आतून ऐकलं. एकच वाक्य बोलले: "नूर, चंद्रपूरवाल्याले बलाव."

ऑपरेशन नागपूरला झालं. मोतीबिंदू निघाला, दिसायला लागलं. पण डॉक्टरांनी आगीसमोर आता कायमचं नाही म्हणून लिहून दिलं, आणि शमीमने तो कागद मला बेकरीत आणून वाचायला लावला, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी वाचला. चंद्रपूरचा कारागीर चांगला होता. त्याने अभ्रक काढून नुसतं लोखंड लावलं, त्याला दार उघडून बघायची सवय. उस्ताद गल्ल्यावर बसले नाहीत. घरीच राहिले. मी दोन-चारदा जाऊन आले. त्यांना करमत नाही हे शमीम सांगायची.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याच्या ट्रकमालकाने छत्तीसगडकडच्या खाणींचं काम घेतलं आणि आम्ही निघालो. घरापासून आणखी लांब. दुपारी वणीच्या स्टँडवर ट्रंक आणि गाठोडं घेऊन बसलो होतो. मला चुकीच्या गाडीत बसायची फार भीती. नवरा तिकिटाचं विचारायला गेला, आणि मी प्रत्येक गाडीला उठून उभी राहत होते. तेवढ्यात काळा चष्मा लावलेले उस्ताद आले, शमीमचा हात न धरता, तिच्या दोन पावलं पुढे.

"बस खाली," ते म्हणाले. "मी पाहून राह्यलो ना."

ते माझ्यापुढे उभे राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचायला लागले. मोठ्याने, अक्षर जोडून. "व-रो-रा. तुही नाई." दुसरी आली. "चंद्र-पूर. नाई." "पांढर-कवडा. नाई." एक गाडी धुळीने भरलेली होती, शमीम म्हणाली, "अब्बा, थे कोनालेच नाई दिसत." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा बारीक केला. "घु-ग्घुस," म्हणाले. "दिसते." पुढची आली ती लांबून वळतानाच त्यांनी वाचली. "नागपूर. ऊठ सांगली, ही तुही."

नवऱ्याने ट्रंक वर चढवली. मी पाया पडायला वाकले तर ते बाजूला झाले, पाटी पुन्हा एकदा वाचायला. गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून मागे बघितलं. एक म्हातारी गाठोडं घेऊन तिथं आली होती आणि उस्ताद तिला पुढची गाडी वाचून दाखवत होते.